लाईन गेली, सिगडी आली

आमच्या चंद्रपुरात लाइट जात नाहीत. लाईन जाते. पुण्यात पहिल्या वर्षी हॉस्टेलवर अंधार झाला आणि मी सवयीने ‘लाईन गेलीss’ म्हणून ओरडले, तर रूममेट म्हणाली, ‘कोणती? फोनची?’ तेव्हापासून पुण्यात मी शहाण्यासारखी ‘लाइट गेले’ म्हणते. चंद्रपूर स्टेशनवर उतरले की जीभ आपोआप मूळ पदावर येते.

गेल्या जानेवारीत संक्रांतीला घरी गेले होते. फ्रीलान्सर असण्याचा एकमेव फायदा म्हणजे सुट्टी मागायला बॉस नसतो. (त्या सुट्टीचे पैसेही कोणी देत नाही, पण असो.) चंद्रपूर म्हटलं की सगळ्यांना फक्त मे महिना आठवतो. सेहेचाळीस-सत्तेचाळीस डिग्री, कूलर, पांढरे रुमाल. ‘तुमच्याकडे थंडी पडते?’ हा प्रश्न मला आजवर इतक्यांनी विचारलाय की मी उत्तर देणं सोडलंय. पडते हो! ताडोब्याचं जंगल हाकेच्या अंतरावर, रात्री पारा दहाच्या आसपास, कधी त्याच्याही खाली. आणि आमची घरं बांधलेली उन्हाळ्यासाठी. शहाबादी फरशी, उंच छत, गरम कपड्यांचं कपाट जेमतेम अर्धं. थंडीची तयारी म्हणून आमच्याकडे एक रूम हीटर आहे, तोसुद्धा बाबांच्या रिटायरमेंटला कुणीतरी दिलेला.

रात्री साडेनऊला कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून ‘फट्’ असा आवाज आला आणि सगळी गल्ली गुडुप. हीटरची लाल कांडी हळूहळू काळी पडली. इन्व्हर्टरने दहा मिनिटं मान धरली आणि टाकली. त्याची बॅटरी बदलायचं दिवाळीपासून चाललं होतं.

मी गच्चीवर गेले. आमचं घर तुकूमला. गच्चीवरून दुर्गापूर-ऊर्जानगरच्या बाजूला थर्मलच्या चिमण्यांचे लाल दिवे दिसतात. लहानपणी मी ते मोजत झोपायचे. हे औष्णिक वीज केंद्र १९८३ साली सुरू झालं, आज त्याची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. इथून निघालेली एक लाईन, खरीखुरी लाईन, साडेसातशे किलोमीटर धावत थेट कल्याणजवळच्या पडघ्याला जाते. १९९९पासून. मुंबईतल्या एखाद्या एसीत आमच्या कोळशाचा थोडा अंश असतोच. त्यामुळे समोर चिमण्या लुकलुकताहेत आणि आपण मेणबत्ती शोधतोय, हा सीन चंद्रपूरकराला नवा नाही. दिव्याखाली अंधार ही म्हण बहुतेक आमच्याचकडे तयार झाली असावी. २००५नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत तर मी अर्धी शाळा मेणबत्तीवर केली. तेव्हा त्यात मजा होती. सगळी पोट्टी रस्त्यावर, लपाछपी, आणि लाईन आली की एका सुरात ‘आलीss’!

आता मात्र अंधार झाला की मुलं रस्त्यावर येत नाहीत, आत जातात. २०२२च्या फेब्रुवारीत थर्मलच्या आवारात वाघाने एका कामगाराला मारलं आणि लगेच दुर्गापुरात बिबट्याने सोळा वर्षांच्या एका मुलाला. त्यानंतर या भागात अंधाराचा अर्थच बदलला. खालून आईचा आवाज आला, ‘गच्चीवरून उतर आधी. अन् दार लावून घे.’

खाली सगळी मागच्या खोलीत जमली होती. आई, बाबा आणि आजी. आजी ब्याऐंशी वर्षांची, आरमोरीकडची, गडचिरोली जिल्ह्यातली. दोन स्वेटर, त्यावर शाल, त्यावर गोधडी, आणि एवढ्या सगळ्यातून फक्त नाक बाहेर. म्हणाली, ‘सिगडी पेटव ना गा!’ हा हुकूम बाबांना. बाबा बासष्टचे असले तरी आजीपुढे अजून ‘गा’च आहेत.

आमच्याकडे शेगडीला सिगडी म्हणतात आणि कोळशाच्या गावात सिगडी नसेल असं घर पूर्वी शोधावं लागायचं. आमचीही माळ्यावर होती. बाबांनी ती ओसरीत ठेवून शिस्तीत पेटवली. आधी काड्या, मग गोवऱ्यांचे तुकडे, मग दगडी कोळसा. डोळे चोळत, खोकत, अर्धा तास. मग धूर थांबला, कोळसे लालबुंद झाले, वर एक निळसर ज्योत नाचायला लागली. ‘धूर गेला. आता घ्या आत,’ बाबा म्हणाले. ही आमच्या घराची जुनी परंपरा. धूर असेपर्यंत सिगडी बाहेर, धूर गेला की आत. माझ्या लहानपणीही असंच असायचं आणि मला त्यात कधीच काही वावगं वाटलं नव्हतं.

दार लावलं. खिडकीच्या स्लायडिंगच्या काचा ओढल्या. दाराखालच्या फटीत आईने जुनं पोतेरं सरकवलं, बिबट्यासाठी नव्हे, गार वाऱ्यासाठी! आणि सांगते, पुढचा दीड तास खरोखर सुंदर होता. लालसर उजेड, कोळशावर भाजलेले शेंगदाणे, तीळगूळ. फोनची बॅटरी वाचवायची म्हणून सगळ्यांचे फोन बंद. बाबा त्यांच्या शाळेतले किस्से सांगत होते. आमच्या चौघांमध्ये इतकी सलग गप्पांची मैफल गेल्या कित्येक वर्षांत झाली नव्हती. माझ्या डोक्यात तर लेखाचं हेडिंगसुद्धा तयार झालं होतं, ‘अंधारात उजळलेलं घर’ वगैरे. फीचर रायटरची खोड!

साडेअकराला माझं डोकं ठणकायला लागलं. प्रवासाने असेल, म्हटलं. नाहीतर संध्याकाळचा चहा झाला नव्हता. आई म्हणाली, ‘मलाही कसंतरी होतंय, तीळ जास्त झाले बहुतेक.’ बाबांचा किस्सा मध्येच तुटला. ते कपाळ दाबत बसले. आजी केव्हाच झोपली होती.

आपण तिघेही एकदम आजारी कसे पडलो? हा विचार माझ्या डोक्यात आला, पण फार सावकाश, जसा काही लोकरीतून गाळून येतोय. आणि त्याच्या मागोमाग दुर्गापूर आठवलं.

जुलै २०२१. कोविडमुळे मी चंद्रपुरातच अडकले होते. मास कॉमची डिग्री नुकतीच हातात आली होती आणि कोणी काम देईल का म्हणून ईमेल टाकत बसले होते. आमच्यापासून काही किलोमीटरवर, दुर्गापुरात, एका घरची लाईन गेली म्हणून रात्री घरातच डिझेल जनरेटर लावला गेला. घर झोपलं. सकाळी एकाच कुटुंबातले सहा जण गेले होते, त्यात लहान मुलंही. एक जीव तेवढा वाचला. मी त्यावर चारशे शब्द लिहिले. आयुष्यातली पहिली विकली गेलेली बातमी. त्या गल्लीत मी गेले नाही, धीर झाला नाही. फोनवर माहिती घेतली आणि लिहिलं, ‘जनरेटरच्या धुरामुळे गुदमरून मृत्यू’.

धूर आणि गुदमरून. हे दोन्ही शब्द किती फसवे आहेत, ते मला त्या रात्री कळलं. आपल्याला वाटतं, धूर दिसेल, डोळे चुरचुरतील, खोकला येईल, माणूस गुदमरेल, धडपडेल, दार उघडेल. पण मारणारा धूर नसतोच. तो कार्बन मोनॉक्साईड. त्याला रंग नाही, वास नाही, तो घशात खवखवत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. श्वास व्यवस्थित चालू असतो, फक्त त्याचा उपयोग होत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. जो झोपलेला असतो त्याला तर काहीच कळत नाही. आणि निखाऱ्याचा धूर थांबला म्हणजे हा वायूही थांबला, असं मुळीच नाही. धगधगता कोळसा तो सोडतच राहतो. ती निळसर ज्योत आम्ही कौतुकाने बघत होतो ना, तो जळणारा मोनॉक्साईडच होता.

मी उठले. पाय कापसाचे. खिडकी ओढली. ‘अगं थंडी येते!’ बाबा. ‘अन् बिबट्या?’ आई. ‘खिडकीला गज आहेत आई!’ मी ओरडले. माझ्या आवाजाने बाबा उठले. एका क्षणात त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. तीस वर्षं त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलंय. अपूर्ण ज्वलन, समीकरण फळ्यावर, परीक्षेत दोन मार्क. त्यांनी सांडशी शोधली नाही, शालीच्या टोकाने सिगडी धरली आणि ओसरीच्या पलीकडे अंगणात नेऊन ठेवली. हाताला फोड आला तो त्यांना दुसऱ्या दिवशी दिसला.

मी आजीला हाक मारली. नाही. हलवलं. नाही. तिसऱ्यांदा आईने आणि मी मिळून तिला बसतं केलं, तेव्हा मान एका बाजूला कलली. तेवढे काही सेकंद मला अजून झोपेत दिसतात. मग तिचा ओठ हलला. ‘कायले उठवतं वं मले?’

इतकं चिडलेलं वाक्य ऐकून मला इतका आनंद याआधी कधी झाला नव्हता.

तिला ओसरीत आणून बसवलं. कोविडच्या वेळचं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर ड्रॉवरमध्ये होतं. लावलं. अठ्ठ्याण्णव! आईने देवाला हात जोडले. आम्ही परत आत जाऊन झोपलोही असतो, पण बाबांनी ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ‘तो आकडा विसरा. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटलाय की मोनॉक्साईड, हे त्या मशीनला कळत नाही. ते दोन्हीला चांगलंच म्हणतं. सगळे गाडीत बसा, काचा खाली ठेवा आणि हॉस्पिटलला निघा. पण तुम्ही गाडी चालवू नका.’ शेजारच्या काकांनी चालवली. मंकी कॅप घालून, एक अक्षर न विचारता.

हॉस्पिटलचा जनरेटर इमारतीच्या मागे, खिडक्यांपासून दूर एका शेडमध्ये धडधडत होता. जनरेटर असाच हवा. ओसरीत नाही, जिन्याखाली नाही, ‘खिडकी उघडी आहे ना’ म्हणून किचनमध्ये तर नाहीच. चौघांना मास्क लावून ऑक्सिजन दिला. आजीचं रक्त तपासलं. ड्युटीवरचे डॉक्टर माझ्याच वयाचे असतील. डोळ्यांत झोप, टेबलावर गार झालेला चहा. त्यांनी एवढंच सांगितलं, ‘घरातल्या सगळ्यांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं की गोळी शोधायची नाही, आधी खोलीच्या बाहेर पडायचं.’ दर हिवाळ्यात उत्तरेकडून बंद खोलीतल्या अंगीठीच्या बातम्या येतात. आपण त्या स्क्रोल करून पुढे जातो. मीही जायचे.

पहाटे चारला घरी आलो. लाईन आलेली नव्हती! थंडी तर आता खरी सुरू झाली होती. आणि निखारा नको म्हटल्यावर चार माणसांनी उबदार राहायचं कसं, हा प्रश्न शिल्लकच.

यात आईचा वरचष्मा. तिने सगळ्यात छोटी खोली निवडली. फरशीवर आधी सतरंजी, मग पुठ्ठ्याची खोकी उलगडून, मग गाद्या. म्हणाली, थंडी वरून कमी येते, खालून जास्त. गॅसवर पाणी तापवलं, किचनची खिडकी उघडी ठेवून आणि पाणी तापताच गॅस बंद करून. ते घट्ट झाकणाच्या स्टीलच्या बाटल्यांत भरलं, बाटल्यांना मोजे चढवले. एक आजीच्या पायाशी, एक पोटाशी. एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक, कारण ऊब कपड्यात नसते, मधल्या हवेत असते. कान झाकायचे, पाय कोरडे ठेवायचे. मेणबत्ती नको, गोधड्यांच्या ढिगाशेजारी ती कशाला? मोबाइलच्या टॉर्चवर पाण्याची पांढरी बाटली ठेवली की खोलीभर मंद उजेड पडतो, हे माझं योगदान. बाबांनी हळूच विचारलं, कपाटातली रम थोडी...? नाही बाबा. रमने ऊब आल्यासारखं वाटतं कारण रक्त कातडीकडे धावतं, आणि तिथून आतली उष्णता बाहेर निघून जाते. थंडीतल्या पार्टीत हे सांगणाऱ्या माणसाला परत कोणी बोलावत नाही, पण आहे ते असं आहे. खिडकी चार बोटं उघडी ठेवली आणि चौघं एका ओळीत झोपलो. शेवटचं असं मी चौथीत झोपले होते.

झोप कुणालाच लागली नाही. अंधारात आजी बोलायला लागली. तिचं म्हणणं, आरमोरीला तिच्या सासरी घराच्या मधोमध विस्तव असायचा. रात्रभर. सगळी बाळंतपणं त्याच्या बाजूला झाली. ‘कोन मेलं? कोनी नाही मेलं.’

मी वाद घालणार होते. मग गप्प बसले, कारण म्हातारी खरं बोलत होती. त्या घराला कवेलू होते. कवेलूंच्या फटींतून रात्री चांदण्या दिसायच्या, हे तिनेच मला सांगितलंय. कुडाच्या भिंती, वर मोकळं आढं, बंद होऊनही न मिटणारं दार. ते घर रात्रभर श्वास घ्यायचं. भामरागडकडच्या गावांमध्ये पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येतो, रस्ता तुटतो, लाईन जाते, तेव्हा अशाच घरांमध्ये चूल हाच दिवा आणि चूल हाच हीटर असतो. आजी चुकली नव्हती. आमचं घर बदललं होतं. स्लॅब पडला, अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंग बसल्या, फटी सिमेंटने बुजवल्या, उरलेली एक फट आईने पोतेऱ्याने बंद केली. आणि मधोमध आम्ही नेऊन ठेवली ती आरमोरीचीच आग.

हे मी तिला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘मंग स्लॅब कायले टाकला?’ याचं उत्तर बाबांकडेही नव्हतं.

सकाळी सातला लाईन आली. हीटर, टीव्ही, मोटर, सगळं एकदम सुरू झालं आणि गल्लीत कोणीतरी अजूनही ‘आलीss’ म्हणून ओरडलं. आजीचा रिपोर्ट फार वाईट नव्हता, दोन दिवस डोकं जड राहिलं एवढंच. बाबांनी सिगडी गच्चीवर नेऊन ठेवली. फेकली नाही. हुरड्याला लागेल म्हणाले. इन्व्हर्टरची नवी बॅटरी त्याच दुपारी आली आणि तिची जागाही हवेशीर कोपऱ्यात बदलली. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, हे बाबांनी मला दोनदा समजावलं. रात्रीची भरपाई चालू होती.

चार दिवसांनी मी पुण्याला परतले. कोथरूडचा आमचा भाड्याचा फ्लॅट, तीन मुली, तिघींची वेगवेगळी शिफ्ट. सकाळी आंघोळीला गेले आणि नळ सोडण्याआधी थांबले. भिंतीवर गॅसचा गिझर. पाच बाय चारची बाथरूम. गिझरमध्ये भुरूभुरू निळी ज्योत. आणि वर व्हेंटिलेटरच्या काचांमध्ये नीट मापाने कापून बसवलेला पिझ्झाचा पुठ्ठा. थंडी येते म्हणून नोव्हेंबरमध्ये लावलेला. कापला होता मीच, चिकटपट्टीसुद्धा माझीच.

गेले दोन महिने मी आंघोळ करून आले की मला थोडं गरगरायचं. मी ते उपाशीपोटी गरम पाणी, डेडलाइन, लो बीपी, अशा सगळ्या खात्यांवर मांडलं होतं.

पुठ्ठा काढला. घरमालकांना फोन करून गिझर बाहेर बाल्कनीत बसवून द्या म्हटलं, तर ते म्हणाले, ‘आत्तापर्यंतच्या भाडेकरूंना काही झालं नाही.’ मला आजीचाच आवाज ऐकू आला. आम्ही तिघींनी पैसे काढून छोटा इलेक्ट्रिक गिझर बसवला आणि गॅसचा कायमचा बंद केला. तो लावायला माणूस येईपर्यंतचे सहा दिवस किचनमध्ये पाणी तापवून बादल्या वाहिल्या. फ्लॅटमेट्सनी त्या आठवड्यात माझं नाव ‘चंद्रपूरची काकू’ ठेवलं.

परवा आजीचा फोन आला होता. तब्येत, जेवण, लग्न, नेहमीचे तीन प्रश्न झाले. मग चौथा आला.

‘खिडकी उघडी आहे ना वं?’

‘आहे आजी.’

‘थंडी वाजते?’

‘वाजते.’

‘वाजू दे,’ ती म्हणाली आणि फोन ठेवला.